जॅरा की कॅरी? काडी जाळून ओळखा

जॅरा म्हणजे नैऋत्य ऑस्ट्रेलियातली निलगिरी. नाव तिथल्या मूळच्या नूंगार लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आलं. आपल्याकडे निलगिरी म्हटलं की बल्ल्या आणि सरपण डोळ्यांसमोर येतं, पण जॅराचं लाकूड तांबूस, जड आणि फार टिकाऊ. त्याच भागातली कॅरीही तशीच तांबडी; नुसत्या रंगावर भलेभले फसतात. जमिनीत किंवा ओलीत राहणाऱ्या कामाला जॅराच हवं, कारण तिथे कॅरी लवकर कुजते आणि तिला वाळवी लागते. गोव्याच्या पावसात हा फरक महागात पडतो.

जुनं फर्निचर घेताना पायाच्या तळातून, पॉलिश नसलेल्या जागेवरून, गाभ्याची आगकाडीएवढी ढलपी काढा. बाहेरचा फिकट भाग नको, त्यावर निकाल फसवा येतो. जून-जुलैत हवा दमट असते, तेव्हा ढलपी आधी दोन-तीन दिवस घरात कोरडी होऊ द्या. ओली ढलपी धुमसते आणि काहीच कळत नाही. पंखा बंद करा, ढलपी चिमट्यात धरून पेटवा आणि आपोआप विझेपर्यंत जळू द्या. फुंकर मारू नका, राख उडून जाते.

काळा कोळसा उरला तर जॅरा. पांढरी राख धरली तर कॅरी. खात्रीसाठी दोन वेगळ्या ठिकाणच्या ढलप्या जाळा, कारण जुन्या सामानात दुरुस्तीला दुसरं लाकूड जोडलेलं असतं.

घेतल्यावर सुताराला एवढंच सांगा: स्क्रूआधी भोक पाडायचं, नाहीतर कडेला लाकूड चिरतं.