जाळीचं कुंपण सारखं ढिलं पडतंय? माझं असं थांबलं
म्हशींनी अंग घासलं की जाळी ढिली, आणि कोपऱ्याचा खांब आत झुकायचा. पुन्हा ताणली, काँक्रीट ओतलं, मधे जास्तीचे खांब टाकले, काही फरक नाही, अगदी रडकुंडीला आलो. दोष जाळीचा नव्हताच, कोपऱ्याच्या खांबाला आधार नव्हता. जाळी सोडली, कोपऱ्याचा खांब ३.५ फूट गाडला, कुंपणाच्या रेषेत ८ फुटांवर तसाच दुसरा, दोघांच्या वरच्या टोकांमधे आडवं लाकूड, मग दुहेरी तिरकी तार, कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत (उलटी बांधली तर उपयोग नाही), आणि मधे दांडकं घालून पिळली. नंतर जाळी जनावरांच्या बाजूने लावून तारेतल्या वळ्या (तारेला दिलेले छोटे नागमोडी बाक) निम्म्या सरळ होईपर्यंतच ताणली. मधल्या खांबांवर यू-खिळे पूर्ण ठोकू नका, तार सरकली पाहिजे.