इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: घ्यायचा का, आणि घेतला तर कसा चालवायचा

इलेक्ट्रिक कुकर घेणारे बरेच जण एका गैरसमजातून घेतात: स्वयंपाक लवकर होईल. तो होत नाही. गॅसवर वरण-भात पंचवीस मिनिटांत पानात येत असेल, तर इलेक्ट्रिक कुकर त्यालाच पस्तीस ते चाळीस मिनिटं घेतो. वाचतं ते लक्ष. शिट्ट्या मोजणं, गॅस बारीक करणं, आतल्या खोलीतून "दुसरी झाली की तिसरी?" म्हणून विचारणं, हे सगळं संपतं. बटण दाबून अंघोळीला गेलात तरी चालतं. तुमच्या घरात टंचाई मिनिटांची आहे की लक्ष देणाऱ्या माणसाची, हे आधी ठरवा. पैसे खर्च करायचे की नाही ते त्यावरच ठरतं.

वेळ जास्त का लागतो? गॅसवरच्या कुकरची शिट्टी साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला उचलते आणि आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर 'हाय'वरसुद्धा ०.७ ते ०.८ किलोवर थांबतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. तीन ते पाच अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण डाळ-कडधान्यांना त्यामुळे साधारण १५ ते २० टक्के वेळ जास्त द्यावा लागतो. शिवाय हजार वॅटची कॉइल मोठ्या बर्नरपेक्षा सावकाश तापवते. आणि गॅसवरचा कुकर घाईत नळाखाली धरून गार करता येतो. हा धरता येत नाही.

कोणाला उपयोगी, कोणाला अडगळ

सकाळी साडेसातला घर सोडणारे, रात्री कडधान्य भिजत घालून पहाटे आपोआप शिजायला लावणारे, एकटे राहणारे विद्यार्थी, गॅस विसरण्याची भीती असलेले वयस्कर लोक: यांना हे यंत्र खरंच सोयीचं. परदेशात, जिथे घरी गॅसऐवजी कॉइलची शेगडी असते, तिथे तर जास्तच. कॉइल हुकमासरशी बारीक होत नाही, म्हणून शिट्टीचा कुकर तिच्यावर आवरत नाही. कॅनडातून २०१० मध्ये बाजारात आलेला 'इन्स्टंट पॉट' हा इलेक्ट्रिक कुकर तिकडच्या भारतीय स्वयंपाकघरांत रुळला, त्यामागे हे एक कारण आहे.

अडगळ कोणाला? ज्यांच्या घरी एकाच वेळी कुकर, पोळ्यांचा तवा आणि भाजीची कढई अशी तीन तोंडं चालतात आणि गॅसजवळ माणूस असतोच, त्यांना. पोळी, भाकरी, परतलेली भाजी, तळण यातलं काहीही या कुकरमध्ये नीट होत नाही. 'सॉते', म्हणजे परतण्याच्या बटणावर फोडणी होते, पण भांड्याचा तळ मध्यभागी किंचित उंच असतो. तेल कडेला पळतं, मोहरी एका बाजूला तडतडते आणि दुसऱ्या बाजूला नुसती पडून राहते. फोडणी कढल्यातच करा आणि वरून ओता, हा साधा मार्ग.

वीज हा आपल्याकडचा मोठा मुद्दा. १००० वॅटचा कुकर पाव तास सलग तापला तर पाव युनिट वीज जाते. दाब आल्यावर कॉइल थांबून-थांबून चालते, त्यामुळे एका स्वयंपाकाला पाव ते अर्धं युनिट धरा. बिलाची भीती नको, पण ऐन मध्यात वीज गेली तर बरीच मॉडेलं किती मिनिटं झाली होती ते विसरतात. घरचा साधा इन्व्हर्टर हा भार ओढत नाही. रोज ठरलेल्या वेळी वीज जाणाऱ्या गावात गॅसवरचा कुकर मोडीत काढू नका.

दुरुस्तीचंही तसंच. जुन्या कुकरची रिंग, दांडा, शिट्टी कोपऱ्यावरचा माणूस बदलून देतो. याचा सर्किट बोर्ड गेला तर कंपनीच्या सेवाकेंद्राशिवाय गत्यंतर नाही. म्हणून विकत घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा: रिंग सुटी मिळते का, आणि सेवाकेंद्र तुमच्या शहरात आहे का. बटणं किती आहेत हे विचारू नका. चौदा बटणांतली बारा कधीच दाबली जात नाहीत. 'मॅन्युअल' किंवा 'प्रेशर कुक' आणि 'सॉते' एवढ्यावर घर चालतं.

माप, भांडं आणि प्लग

दोघांना ३ लिटर, चार-पाच जणांना ६ लिटर. मात्र लिटरचा आकडा काठोकाठ भरलेल्या भांड्याचा असतो. डाळ, तांदूळ, कडधान्य फुगतात, म्हणून ते अर्ध्यापर्यंतच भरायचं. बाकी पदार्थ दोन तृतीयांशापर्यंत. ६ लिटरच्या कुकरमध्ये डाळ खरी ३ लिटरच मावते.

आतलं भांडं स्टीलचं घ्या. नॉनस्टिकवर उलथनं आणि घासणी दोन्ही जपून चालवावी लागतात, आणि आपल्याकडे तसं जपलं जात नाही.

अमेरिकेहून कोणी बॅगेत आणून देणार असेल तर नको म्हणा. तिकडचा कुकर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर लावला की जवळजवळ चौपट वीज ओढून क्षणात जळतो. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण हजार वॅटच्या वर भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर ही स्वतःच एक अवजड पेटी असते.

प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेल्या बोर्डातच लावा. २३० व्होल्टवर हजार वॅट म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. ढिला झालेला जुना सॉकेट याने गरम होतो. एक्स्टेंशन वायर नको.

पहिल्या दिवशी: नुसतं पाणी

अन्न घालण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. नव्या यंत्रातले निम्मे दोष इथेच कळतात.

१. झाकण उलटं करून रिंग तिच्या तारेच्या कडीत सगळीकडून बसली आहे का, बोट फिरवून पाहा.
२. आतलं भांडं ठेवून त्यात ३ कप पाणी घाला. भांडं ठेवल्याशिवाय पाणी किंवा तांदूळ ओतणं ही या कुकरची नेहमीची दुर्घटना आहे. पाणी सरळ कॉइलवर जातं. प्लग लावण्याआधी भांडं आत आहे का ते पाहायची सवय लावून घ्या.
३. झाकण फिरवून बंद करा, वरची वाफेची कळ 'सील'वर आणा, हाय प्रेशरवर ५ मिनिटं लावा.
४. आठ-दहा मिनिटांत झाकणातली छोटी पिन वर उचलली गेली पाहिजे. मिनिटांची मोजणी त्यानंतर सुरू होते.
५. वेळ संपल्यावर कळ उलथन्याच्या दांड्याने 'व्हेंट'कडे सरकवा, हाताने नाही. पिन खाली पडेपर्यंत झाकणाला हात लावू नका.

कुकर वरच्या कपाटाखाली ठेवून वाफ सोडू नका. महिन्याभरात सनमायका फुगतो. गॅसच्या शेगडीवर तर ठेवूच नका. चुकून बर्नरचं बटण फिरलं की प्लॅस्टिकचा तळ वितळतो.

वरण-भात एकदम

डबे आधी मापून घ्या. ६ लिटरच्या भांड्याचा आतला व्यास साधारण २२ सेंटिमीटर असतो. डब्याभोवती बोटभर जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर वाफ वर येत नाही.

१ वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. डब्यात घालून अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल घाला. तेलामुळे फेस बसतो. दुसऱ्या डब्यात १ वाटी धुतलेला तांदूळ, २ वाट्या पाणी. इंद्रायणी आणि आंबेमोहोर असाच मऊ होतो. मोकळा हवा असेल तर पाणी पाऊण वाटी कमी करा.

आता मुख्य भांड्यात दीड कप, म्हणजे साधारण ३७५ मिली पाणी घालून जाळी ठेवा. खाली डाळ, वर तांदूळ, सगळ्यात वर ताटली. ती नसेल तर झाकणाचं पाणी भातात ठिबकतं. हाय प्रेशर, १० मिनिटं. थेट भांड्यात घातलेला तांदूळ एवढ्या वेळात गिचका होईल, त्याला ५ मिनिटं पुरतात. डब्यात मात्र उष्णता उशिरा पोचते, म्हणून दोन्हींना मिळून दहा चालतात. वेळ संपल्यावर १० मिनिटं तसंच राहू द्या, मग उरलेली वाफ सोडा. लगेच सोडली तर डाळीचा फेस कळीतून बाहेर उडतो आणि पिवळे शिंतोडे भिंतीवर जातात.

चिंच, आमसूल, गूळ झाकण उघडल्यावर. आंबट पडलं की डाळ मऊ व्हायला तयार होत नाही, आणि गूळ तळाला करपतो.

इतर पदार्थांचे वेळ

सगळे हाय प्रेशरचे, थेट भांड्यात, पिन वर आल्यानंतरचे. रात्रभर भिजवलेले छोले २० मिनिटं, राजमा २५ ते ३०. मोड आलेली मटकी १ मिनिट. दोन मिनिटं ठेवलीत तर उसळीऐवजी लगदा. पुरणासाठी दोन तास भिजवलेली हरभरा डाळ १२ ते १५ मिनिटं, कटाची आमटी करायची असेल तर पाणी तिप्पट. अख्खे मध्यम बटाटे १० ते १२. चिकन ८ ते १०, मटण २५ ते ३०. उकडा तांदूळ १५ ते २०.

महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, साधारण १,३५० मीटर उंचीवर, दहा मिनिटांची अकरा-बारा करा. पुण्या-नाशकात काही बदलायची गरज नाही.

राजमा 'स्लो कुक'वर कधीही लावू नका. कच्च्या राजम्यातलं विषारी लेक्टिन मंद आचेवर जात नाही, उलट्या-जुलाब होतात. प्रेशरवर शिजलेला राजमा सुरक्षित.

उकडीचे मोदक होतात, पण कळ 'व्हेंट'वर ठेवून. कळ उघडी असेल तर दाब येत नाही, म्हणून बहुतेक कुकरचं घड्याळही सुरू होत नाही. वाफ जोरात यायला लागली की मोबाइलवर १० ते १२ मिनिटं लावा. एका वेळी आठ-नऊच मावतात. चतुर्थीच्या एकवीस मोदकांना तीन घाणे लागतील, तेव्हा त्या दिवशी मोदकपात्रच बाहेर काढलेलं बरं.

उशिरा सुरू करायची सोय छान आहे, पण मे महिन्यात आठ तासांहून जास्त कडधान्य पाण्यात राहिलं की आंबूस वास येतो. मांस, मासे, दूध तर असं भरून ठेवूच नका.

'बर्न' दिसलं तर

तळाशी अन्न चिकटून तो जास्त तापला की सेन्सर कॉइल बंद करतो आणि पडद्यावर 'बर्न' येतं. कुकर बिघडलेला नसतो. बंद करा, वाफ सोडा, लाकडी उलथन्याने तळ खरवडा, पाऊण कप पाणी घालून पुन्हा लावा. खरवडल्याशिवाय नुसतं पाणी वाढवून उपयोग नाही, पाच मिनिटांत पुन्हा तेच.

टाळायचं असेल तर मसाला परतल्यावर आधी पाणी घालून तळ मोकळा करा, मग बाकीचं. टोमॅटो सगळ्यात वर घाला आणि ढवळू नका. बेसन, काजू-खोबऱ्याचं वाटण, दूध हे शेवटी, 'सॉते'वर. खीर मुख्य भांड्यात लागते, डब्यात करा.

पिन वर येतच नसेल तर वाफ कुठून येते ते पाहा. झाकणाच्या कडेने येत असेल तर रिंग निसटली आहे किंवा काठावर शिताचा कण अडकलाय. कळीतून येत असेल तर ती 'सील'वर नाही. कुठूनच येत नसेल आणि वीस मिनिटं झाली असतील, तर बहुधा भांडं जास्त भरलंय किंवा सगळं फ्रिजमधून थेट घातलंय, अजून थांबा.

धुणं आणि रिंग

बाहेरचा भाग पाण्याखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा. भांडं आत ठेवताना त्याचा तळ कोरडा हवा. झाकणाच्या आतली जाळी दर दोन-तीन वेळांनी काढून धुवा. डाळीचा फेस तिथेच वाळतो आणि कळ तुंबते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या फोडीने जातात.

सिलिकॉनची रिंग वास धरते. मटणाच्या दुसऱ्या दिवशी खिरीला मसाल्याचा वास आला तर दोष दुधाचा नाही. दोन रिंगा ठेवा: एक तिखट-सामिषाची, दुसरी भात, गोड आणि उपवासाची. वेगळ्या रंगाच्या मिळाल्या तर उत्तम. वर्ष-दीड वर्षात रिंग सैल पडते किंवा चिरते, तेव्हा बदला. कुकर वापरात नसेल तेव्हा झाकण बंद करून ठेवू नका. भांड्यावर उलटं टाका, म्हणजे रिंगेला वारा लागतो.