दारव्ह्याहून दिंडोरीला : रेड वाइनच्या कामातले पहिले काही हंगाम

वायनरीत काम करतो म्हटलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला. "रोज भेटत असन ना बे पियाले?" भेटते. तोंडात घ्यायला भेटते, आणि थुंकायला. सकाळी अकराला वीस-वीस नमुने चाखायचे असतात. गिळत बसलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणी उभं राहणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला. घरी कापूस आणि तूर. अकोल्याला कृषीची पदवी घेतली आणि एका सरांच्या ओळखीनं दिंडोरीकडच्या एका वायनरीत हंगामी कामगार म्हणून लागलो. आता आपल्याकडची पोरं फोन करून विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आपल्या राज्यात वाइनच्या द्राक्षांची फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे विचारणा डिसेंबरच्या आधीच करायची. नेमकं तोडणीच्या वेळीच घरी तूर सोंगायला माणूस नसतो, हे भांडण तुमचं तुम्ही मिटवा. वाइन टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम असतो. तो केला तर लॅबमध्ये लवकर शिरता येतं. पण हंगामात पदवीवाला असो की दहावीवाला, पहिले पंधरा दिवस हातात पाण्याचा पाइपच असतो. टाकी धुवा, पंप धुवा, क्रेट धुवा, खालची फरशी धुवा. वाइन बनवणं म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी आधी धुणं सांगतो.

लाल वाइनचा रंग सालीत असतो, रस बहुतेक जातींचा पांढुरकाच. म्हणून द्राक्षं देठापासून वेगळी करून सालीसकट टाकीत जातात. आमच्याकडे कॅबर्ने सोव्हिन्यो आणि शिराझ या दोन जाती, दोन्ही 23-24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडायचो. त्या साखरेची यीस्ट दारू करते, साधारण 13 टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी चोथा वर येऊन जाड थर धरतो. तो दिवसातून तीन-चार वेळा दाबून रसात बुडवायचा, नाहीतर वरून वाळतो, तापतो आणि व्हिनेगरच्या वाटेला लागतो. रसाचं तापमान 30 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. आठ-दहा दिवसांत साखर संपते.

इथं जरा थांबतो, कारण यात जीव जातो. रस काढून घेतल्यावर उरलेला चोथा टाकीत उतरून फावड्यानं ओढावा लागतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. वास नाही, रंग नाही. मला हे समजावून सांगताना सुपरवायझर लांबलचक बोलत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर. पेव उघडलं की आबा आधी दोरीनं कंदील सोडायचे. "कंदील इझला त पाय टाकाचा नाही." गोष्ट तीच. फक्त वायनरीत कंदिलावर विसंबू नका. ज्योत विझायच्या आधीच माणसाला धोका सुरू झालेला असतो. गॅसचा मीटर लावल्याशिवाय आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही. मालक ओरडला तरी नाही.

चाखण्याचं. मला सगळ्यात जड गेलं ते खर्रा, म्हणजे आपला तंबाखू-सुपारीचा, सोडणं. मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी खिसा बघून सांगितलं, खर्रा किंवा चाखणं, दोन्हींपैकी एक. तीन आठवडे डोकं भणभणलं. त्यानंतर जिभेला जे कळायला लागलं ते आधी कधी कळलंच नव्हतं.

वर्णनाच्या छापील यादीत ब्लॅककरंट, सीडार असलं काय काय असतं. मी ब्लॅककरंट आजवर खाल्लेलं नाही. लाजत लाजत एकदा "जांभूळ, आणि मागून हिरवी ढोबळी मिरची" असं लिहिलं. साहेब म्हणाले, हेच लिहीत जा. शिराझमध्ये मला काळे मिरे लागतात. टॅनिन म्हणजे साली-बियांतून वाइनमध्ये उतरणारा घटक, त्याच्या चवीसाठी तर आपल्याकडे आयता शब्द आहे, तुरट. कच्चं केळं चावल्यावर हिरड्या ओढल्यासारख्या होतात ना, तेच. नवे लोक तुरट, कडू आणि आंबट यांत घोळ घालतात. आंबटानं लाळ सुटते, तुरटानं तोंड कोरडं पडतं, कडू जिभेच्या मागं रेंगाळतं. आवळा आणि हिरडा समोर ठेवून सराव करा, फुकट आहे.

ब्लेंड करायचा, म्हणजे दोन वाइन मिसळायचा दिवस मला सणासारखा वाटतो. आमची त्या वर्षीची कॅबर्ने सुरुवातीला छान, शेवटी तुरट, पण मधे पोकळ. शिराझ गुबगुबीत, पण कणा नाही. 100 मिलीच्या मोजपात्रात कॅबर्ने आणि शिराझचे 90:10, 80:20, 70:30, 60:40 असे नमुने केले, पेल्यांना नुसते आकडे दिले आणि कशात काय आहे ते न सांगता सगळ्यांना चाखायला लावलं. मी छातीठोकपणे 60:40 निवडलं. दुसऱ्या दिवशी तेच पेले पुन्हा चाखले, तर 60:40 नुसतं गोडसर-मऊ लागलं आणि 80:20 उभं राहिलं. तेव्हापासून एका दिवसाच्या निकालावर मी सही करत नाही. शिवाय दोन स्वच्छ वाइन एकत्र केल्या तरी ब्लेंड गढूळ होऊ शकतो, म्हणून बाटल्या भरायच्या आधी काही आठवडे टाकीत राहू द्यायचा आणि पीएच (आंबटपणाचं माप) आणि वाइन टिकवायला घातलेलं सल्फर पुन्हा मोजायचं.

हे सगळं लायसन्सवाल्या जागेतलं. घरी माठात करून बघू, हा विचार काढून टाका, तो गुन्हा आहे.

आता साठवणीचा माझा मूर्खपणा. बक्षीस मिळालेल्या सहा बाटल्या मी फेब्रुवारीत गावी आणल्या आणि टिनाच्या खोलीत कपाटात ठेवल्या. मे महिन्यात बघतो तर दोन बाटल्यांची बुचं वर सरकलेली, लेबलावर चिकट ओघळ. उघडली तर उकळलेल्या मनुकांचा आणि काकवीचा वास. आबांनी बोट बुडवून चाखलं. "हे त हिरड्याचा काढा झाला लेका." वाइनला 12 ते 15 अंश, अंधार आणि स्थिर तापमान लागतं, बुचाची बाटली आडवी ठेवायची, हे मला पाठ होतं. टिन तापतं हेही ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी उरलेल्या बाटल्या रिकाम्या पेवात ठेवून थर्मामीटर टांगला. बाहेर 44, आत 28. मातीत खोल गेलं की वर्षभराची सरासरी मिळते, आणि आपल्या भागाची सरासरीच तेवढी. म्हणजे पेव स्थिर आहे, थंड नाही. तिथं दहा वर्षं मुरवायचं स्वप्न बघू नका, वर्षभरात पिऊन टाका. वाइनचा छोटा फ्रिज घेतलात तरी उन्हाळ्यात लाइट जाते, हे हिशोबात धरा.

गावी आणायचीच असेल तर थंडीत आणा, बिल आणि परमिट जवळ ठेवा. आणि रस्ता बघा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिथून बाटली घेऊन जाता येत नाही. मी नाशिकहून गाडीत बसतो, मूर्तिजापूरला उतरतो आणि कारंज्यावरून एसटीनं घरी येतो.