ह्यू मॅकलक यांच्यावर लिहिताय? मग या चुका टाळा

शिक्षणाने वकील, पोटापाण्याने बँकर आणि दोन वेळा अमेरिकेचे अर्थमंत्री. ह्यू मॅकलक (१८०८–१८९५) यांचं आयुष्य तसं सरळ रेषेतलं आहे. तरी त्यांच्यावरच्या टिपणात चुका होतात, आणि गंमत म्हणजे त्या अवघड शब्दांवर होत नाहीत, ओळखीच्या शब्दांवर होतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी त्यांना 'रोखपाल' करून टाकलं होतं. तिथूनच सुरुवात करू.

१८३५ मध्ये इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावच्या बँकशाखेत ते 'कॅशियर' झाले. कॅशियर म्हटलं की आपल्याला जाळीमागे बसून नोटा मोजणारा माणूस दिसतो. त्या काळच्या अमेरिकेत कॅशियर म्हणजे प्रत्यक्ष बँक चालवणारा. कर्ज कोणाला द्यायचं, कोणाची हुंडी वटवायची, कोणाला दारातून परत पाठवायचं, हे तोच बघे, आणि बँकेच्या नोटेवर अध्यक्षाच्या जोडीला सहीही त्याची. तेव्हा मराठीत 'व्यवस्थापक' लिहा, नाहीतर 'कॅशियर' ठेवून एका वाक्यात अर्थ सांगा. 'रोखपाल' लिहिलंत तर पुढे हा कारकून एकदम वॉशिंग्टनला कसा पोहोचला, हे वाचकाला कळणार नाही.

त्याच शाखेच्या बँकेचं नाव स्टेट बँक ऑफ इंडियाना. टंकताना शेवटचा 'ना' गळला की आपली स्टेट बँक होते, आणि ती तर १९५५ सालची! फोनचा कीबोर्ड हा उपद्व्याप हमखास करतो, म्हणून छापण्याआधी 'इंडिया' शब्द शोधून बघा. शिवाय १८५७ पासून मॅकलक ज्या बँकेचे अध्यक्ष होते ती बँक ऑफ द स्टेट ऑफ इंडियाना. नाव जवळपास तेच, बँक दुसरी. पहिलीची सनद १८३४ ची. तिच्या प्रत्येक शाखेचा नफा आपापला, पण एक शाखा बुडाली तर देणं सगळ्यांनी मिळून फेडायचं, अशी तिची रचना होती. त्यामुळे प्रत्येक व्यवस्थापकाचा डोळा शेजारच्या शाखेवरही असे. दुसरी बँक सुरू होते न होते तोच १८५७ ची मंदी आली. देशभरच्या बहुतेक बँकांनी नोटेच्या बदल्यात नाणं देणं थांबवलं, हिने थांबवलं नाही. १८३७ च्या मंदीत जुन्या बँकेला मात्र नाणं देणं थांबवावं लागलं होतं. दोन्ही बँका एक धरल्या की हे दोन्ही प्रसंग एकमेकांत मिसळतात.

नावाचा आणखी एक घोटाळा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना 'मॅकलक विरुद्ध मेरीलँड' हा खटला ठाऊक असतो. तो जेम्स मॅकलक यांचा, निकाल १८१९ चा. तेव्हा आपले ह्यू आजच्या मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये दहा वर्षांचे होते. (ते जेम्सही बँकेचे कॅशियरच. योगायोग म्हणून सोडून द्या, नातं जोडू नका.)

वकिलीचं फार लांबण लावू नका. बोस्टनमध्ये कायदा शिकून १८३३ मध्ये ते फोर्ट वेनला आले आणि दोनच वर्षांत, बँकेचा काडीचा अनुभव नसताना, बँकेत गेले. नावामागे 'बॅरिस्टर' लावायचा मोह आवरा, ती इंग्लंडची गोष्ट.

आता सगळ्यात मोठी चूक. १८६२ मध्ये मॅकलक वॉशिंग्टनला गेले ते नॅशनल बँकांच्या प्रस्तावित कायद्याला विरोध करायला. २५ फेब्रुवारी १८६३ रोजी कायदा झाला, आणि त्याच वर्षी तो राबवणारे पहिले चलन नियंत्रक म्हणून मॅकलकच नेमले गेले. हे वाचून कोणी 'पलटी मारली' लिहितो, कोणी अडचण नको म्हणून १८६२ चा विरोध गाळूनच टाकतो. दोन्ही चूक. विरोध समजण्यासारखा होता. राज्याच्या सनदेवर चालणाऱ्या बँका स्वतःच्या नोटा काढत, त्यांच्या पोटावर हा कायदा पाय देणार होता. पण यादवी युद्ध पेटलेलं होतं, सरकारला रोखे खपवायचे होते, आणि नव्या बँकांना नोटा काढायच्या तर सरकारी रोखेच तारण ठेवावे लागत. जुन्या बँकर मंडळींना या व्यवस्थेत आणायचं तर त्यांच्यातलाच माणूस हवा, हे अर्थमंत्री चेस यांनी ओळखलं. माझ्या मते चेस यांची ही फार हुशार निवड होती.

इथे 'नॅशनल बँक' म्हणजे राष्ट्रीयीकृत बँक नव्हे. मालक खाजगीच, सनद तेवढी केंद्र सरकारची. १९६९ च्या आपल्या राष्ट्रीयीकरणाशी तिचा काही संबंध नाही. आणि सनद क्रमांक १ फिलाडेल्फियाच्या बँकेचा असला, तरी दार आधी उघडलं ते आयोवातल्या डेव्हनपोर्टच्या बँकेने, २९ जून १८६३ रोजी.

डिसेंबर १८६३ मध्ये मॅकलक यांनी या बँकांना लिहिलेलं पत्र बँकवाले अजून काढतात. कर्ज मोजक्या हातांत एकवटू देऊ नका. शंका आली तर तिचा फायदा बँकेला द्या आणि कर्ज नाकारा. अधिकाऱ्यांना पगार इतका द्या, की चोरी न करता इभ्रतीने राहता येईल. हे 'अर्थमंत्र्यांचं पत्र' म्हणून देऊ नका, तेव्हा ते नियंत्रक होते. अर्थमंत्री झाले मार्च १८६५ मध्ये, आणि नेमणूक राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचीच, त्यांच्यानंतर आलेल्या जॉन्सन यांची नव्हे. इंग्रजीतला 'सेक्रेटरी' पाहून 'सचिव' लिहिलंत तर मंत्रालयातला अधिकारी डोळ्यांपुढे येईल.

आकडे जपून. युद्धकाळात छापलेल्या, सोन्याचा आधार नसलेल्या 'ग्रीनबॅक' नोटा चलनातून काढून घ्यायच्या, हा त्यांचा ध्यास. एप्रिल १८६६ च्या कायद्याने मर्यादा घातली: पहिल्या सहा महिन्यांत १ कोटी डॉलर, पुढे महिन्याला ४० लाख. मूळ मजकुरातले १० मिलियन घाईत 'दहा लाख' होतात, तिथे थांबून मोजा. मंत्र्याने मनमानी नोटा जाळल्या असंही लिहू नका, हात कायद्यानेच बांधले होते. स्वस्त कागदी डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याला ते नोटा घटल्याने महाग झालेल्या डॉलरमध्ये फेडायची वेळ आली, ओरड झाली, आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हे थांबवलं. तोवर सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरच्या नोटा गेल्या होत्या, ३५ कोटी ६० लाखांच्या उरल्या. नोटेच्या बदल्यात सोनं मिळू लागलं १ जानेवारी १८७९ पासून. ते श्रेय मॅकलक यांच्या खात्यात जमा करू नका.

सीक्रेट सर्व्हिस त्यांच्याच कारकिर्दीत, जुलै १८६५ मध्ये सुरू झाली, पण बनावट नोटा पकडायला. राष्ट्राध्यक्षांच्या कायम रक्षणाचं काम तिच्याकडे मॅकिन्ली यांच्या १९०१ मधल्या हत्येनंतर आलं.

दुसरं मंत्रिपद बरेच जण विसरतात: ऑक्टोबर १८८४ ते मार्च १८८५, राष्ट्राध्यक्ष आर्थर. मधल्या काळात, १८७० पासून, ते लंडनमध्ये अमेरिकन बँकर जे कुक यांच्या फर्मचे भागीदार होते. १८७३ मध्ये रेल्वेच्या रोख्यांत अडकून कुक यांची अमेरिकेतली पेढी बसली, म्हणून 'मॅकलक यांची बँक बुडाली' असं लिहिलेलं सापडतं. लंडनची भागीदारी वेगळी होती.

आणि त्यांचं आत्मचरित्र जरूर वाचा, माणसांची वर्णनं मजेदार आहेत. मात्र ते १८८८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर लिहिलेलं आहे. ग्रीनबॅकच्या प्रकरणात लेखक स्वतःच आरोपी आहे आणि स्वतःच वकीलही, तेव्हा त्या प्रकरणांसाठी काँग्रेसचे कायदे आणि खात्याचे वार्षिक अहवाल शेजारी उघडे ठेवा.