खासदाराची कारकीर्द वहीत कशी मांडावी: राजापूरचे मधु दंडवते

‘पाच वेळा खासदार’ एवढं लिहून दंडवते कळत नाहीत. मी कणकवलीची. घरात त्यांचं नाव आदराने घेतलं जायचं, म्हणून पहिली वही त्यांचीच केली. तुम्हीही आपल्याकडचा एखादा जुना खासदार घ्या.

आधी मतदारसंघ शोधा. राजापूर लोकसभा आजच्या नकाशावर सापडत नाही. फेररचनेनंतर २००९ पासून तिथे रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे. मग निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून त्या-त्या वर्षाचा सांख्यिकी अहवाल उतरवून घ्या. रकाने आखा: वर्ष, पक्ष, मतं, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, त्याची मतं. पहिली ओळ मात्र आधीच्या खासदाराची हवी. इथे ती नाथ पैंची. १९५७ पासून तीनदा निवडून आलेले नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले, आणि त्याच वर्षी प्रजा समाजवादी पक्षाकडून दंडवते उभे राहिले. ती पोकळी लक्षात घेतल्याशिवाय त्यांचा पहिला विजय समजत नाही.

पक्षाचा रकाना सर्वांत फसवा. १९७७ च्या अहवालात जनता पक्षाच्या उमेदवारांपुढे ‘भारतीय लोक दल’ छापलेलं आहे. मी ते तसंच उतरवलं आणि बाजूला ‘पक्ष बदलला’ असं लिहून मोकळी झाले. बाबांनी वही पाहिली आणि म्हणाले, “अगो, बदलला नाय. जनता पक्षाला स्वतःचं चिन्हच नव्हतं, लोक दलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्के मारले आम्ही.” तेव्हापासून मी चिन्हाचा वेगळा रकाना ठेवते, आणि तो घरातल्या जुन्या मतदाराला विचारून भरते.

प्रत्येक निकालाशेजारी राज्याचा निकाल लिहाच. १९८४ मध्ये महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या. राजापूर उरलेल्या पाचांत होतं! नुसत्या मतांच्या आकड्यातून ही ताकद दिसली नसती.

१९८९ मध्ये जनता दलाकडून पाचवा विजय, मग अर्थमंत्रिपद.

पराभवाची ओळ गाळू नका. तिला अख्खं पान द्या, सगळ्या उमेदवारांच्या मतांसकट. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. त्या पानाच्या वर मी लिहिलंय: कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना, जुलै १९९०. खाली लिहिलंय: संपूर्ण मार्ग सुरू, २६ जानेवारी १९९८. दंडवत्यांनी ज्या गाडीसाठी आयुष्यभर पाठपुरावा केला, ती कणकवलीच्या फलाटावर आली तेव्हा ते आमचे खासदार नव्हते.