इनडिझाइनमध्ये मराठी जोडाक्षरं फुटत होती, ती अशी जुळली

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाच्या स्मरणिकेची जुळवणी माझ्याकडे आहे. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आला होता. पण इनडिझाइन या पानं रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकताच 'स्मरणिका'तला अर्धा स पाय मोडून उभा, आणि 'दिवाळी'तली पहिली वेलांटी द च्या उजवीकडे!

फॉन्ट बदलून पाहिले, फरक पडला नाही. अडचण ओळी रचणाऱ्या कंपोझरची होती. तो लॅटिन लिपीपुरता होता. सगळा मजकूर निवडून पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर' घेतला आणि अक्षरं जागेवर आली. पॅरेग्राफ स्टाइलमध्ये (परिच्छेदाची साठवलेली मांडणी), जस्टिफिकेशनखाली, तोच लावून ठेवा. दरवेळी शोधावा लागत नाही.

मग ओळींमधलं अंतर. ऑटो लिडिंग, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप देतं ते अंतर, अक्षराच्या आकाराच्या 120 टक्के असतं. इंग्रजीला ते पुरतं, पण मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. 12 पॉइंटच्या अक्षराला मी 18 दिलं; पान एकदम मोकळं झालं. नव्यानं शिकणाऱ्यांनी किनारी-वेलबुट्टीच्या आधी हे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

बाकी नेहमीचंच: फोटो 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे), कडेला 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई). आणि छपाईला पीडीएफ देताना फॉन्ट एम्बेड झालेत का, म्हणजे फाइलमध्येच सामावलेत का, ते फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या.