गोल्फ क्लबचं कॅप्टनपद: व्हाइस कॅप्टन असतानाच करून ठेवायची कामं

गोल्फ क्लबचा कॅप्टन म्हणजे क्रिकेटसारखा कर्णधार, असा समज बाहेरच्यांचा असतोच. निवडून आलेल्याचाही कधीकधी असतो. कोर्सची निगा ग्रीनकीपरकडे, पत्रव्यवहार आणि हिशेब सेक्रेटरीकडे, हँडिकॅप (खेळाडूच्या दर्जाप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) आणि स्पर्धा त्या त्या समितीकडे. कॅप्टनकडे उरतं ते वर्षभर हजर राहणं, नव्या सभासदाला चार जणांत बसवणं आणि क्लबच्या वतीने बोलणं. सुट्टीचे दिवस आणि अधल्यामधल्या संध्याकाळी यातच जातात. आधी घरी विचारा, मग होकार द्या.

वाद मिटवण्याचा मान मात्र जुना आहे. १७४४ साली एडिंबरोजवळ लीथ इथे चांदीच्या गोल्फ स्टिकसाठी स्पर्धा झाली आणि ती जिंकलेले सर्जन जॉन रॅट्रे कॅप्टन झाले. तंटे कॅप्टनने दोन-तीन सभासदांना घेऊन मिटवायचे, असं तेव्हाच ठरलं होतं. ते दोन-तीन जण आजही सोडू नका.

कारण तक्रार ऑफिसात येत नाही. ती बारपाशी येते, पार्किंगमध्ये येते, तुम्ही पट (चेंडू खळग्यात घालायचा हलका फटका) मारायला वाकलात की येते. उत्तर एकच ठेवा: 'सेक्रेटरींना दोन ओळी लिहून द्या.' प्रकरण उद्या शिस्तीच्या कारवाईपर्यंत गेलं तर निर्णयाला तुम्हीच बसणार, आणि आज सहानुभूतीने मान हलवलीत तर उद्या तुम्ही एका बाजूचे ठरता. सगळ्यात जास्त ओरड संथ खेळाची. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून ३ मिनिटं आहेत, आधी ५ होती. जुने सभासद अजून पाचच धरतात. 'तुम्ही हळू खेळताय' म्हणाल तर भांडण होईल. 'तुमच्या पुढचं अख्खं होल रिकामं आहे' म्हणा, माणूस स्वतःच मान वर करून बघतो.

पैशाचं बोलणं व्हाइस कॅप्टन असतानाच उरका. कॅप्टन्स डेची, म्हणजे कॅप्टनने भरवलेल्या स्पर्धेची बक्षिसं, पाहुण्या संघाचं जेवण, इतर क्लबांच्या वार्षिक डिनरचा खर्च यातलं क्लब काय देतो आणि तुमच्या खिशातून काय जातं, हे लेखी घ्या. 'आजवर असंच चालत आलंय' हे उत्तर महाग पडतं.

पहिला जाहीर प्रसंग म्हणजे ड्राइव्ह-इन, पहिल्या टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) सगळ्यांसमोर मारलेला एक फटका. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला त्या क्षणी तोफ उडते आणि चेंडू आणून देणाऱ्या कॅडीला (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याला) सोन्याचं नाणं मिळतं. आपल्याकडे अंतराच्या अंदाजावर पैज लावून मदतनिधी गोळा केला तरी पुरे. फजिती होते ती अंग न तापवता भाषणानंतर लगेच ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची स्टिक, उचलल्यामुळे. दहा मिनिटं आधी रेंजवर (सरावाच्या जागेवर) जा आणि जी स्टिक सरळ जाते तीच घ्या. प्रेक्षक चेंडूच्या मागे उभे करा. फोटोसाठी कुणीतरी पुढे सरकतोच.

कॅप्टन्स डेची तारीख ग्रीनकीपरला विचारल्याशिवाय छापू नका. ग्रीनला (झेंड्याभोवतीच्या बारीक गवताला) निगेसाठी भोकं पाडून वाळू भरली की पृष्ठभाग जुळून यायला दोन-तीन आठवडे लागतात.

मग सुरुवात कशी करायची ते ठरवा. १२० खेळाडू म्हणजे चौघांचे ३० गट. दहा-दहा मिनिटांनी सोडले तर सकाळी ७ ला पहिला गट निघतो आणि शेवटचा ११:५० ला. फेरीला साडेचार तास धरले तर पहिले साडेअकराला मोकळे, शेवटचे ४:२० ला. बक्षीस समारंभाला सकाळचे निम्मे घरी गेलेले असतात. शॉटगन स्टार्टमध्ये सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या टीवरून सुरू करतात. होलं १८, म्हणून ३० गटांसाठी १२ होलांवर दोन-दोन गट लागतात. ते पार-४ आणि पार-५ वर (चार-पाच फटक्यांच्या लांब होलांवर) ठेवा, आखूड पार-३ वर एकच, नाहीतर तिथे कोंडी होते. लांबच्या टीपर्यंत चालायला वेळ लागतो, म्हणून सूचना भोंग्याच्या २५ मिनिटं आधी संपवा. तोटा एकच: १२० माणसं एकदम जेवायला येतात. स्वयंपाकघराला ही वेळ महिनाभर आधी सांगा, आदल्या दिवशी नको.

लाँगेस्ट ड्राइव्ह (सगळ्यात लांब फटका) आणि निअरेस्ट द पिन (झेंड्याच्या सगळ्यात जवळ चेंडू) या बक्षिसांच्या चढाओढी लागोपाठच्या होलांवर ठेवू नका. नावं लिहायच्या खांबावर पेन्सिल बांधा. पावसात पेनाची शाई पसरते आणि विजेता कोण यावर तासभर खल होतो. विजा चमकल्या तर एक लांब भोंगा म्हणजे खेळ तत्काळ बंद, दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. हे सकाळच्या सूचनांत सांगाच.

कार्डं तपासायला दोघं बसवा. आधी सह्या बघायच्या, खेळाडूची आणि मार्करची, म्हणजे त्याचे फटके लिहिणाऱ्याची. बेरीज चुकली तर ती समितीने दुरुस्त करायची. पण एखाद्या होलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी लिहून कार्ड दिलं तर खेळाडू बाद होतो, जास्त लिहिला तर तोच कायम राहतो. बरोबरी झाली तर शेवटच्या ९ होलांचे आकडे बघायचे, मग ६, ३ आणि शेवटी अठरावं होल. शॉटगनमध्ये 'शेवटची ९' म्हणजे १० ते १८ होलं धरायची. कुणी कुठून सुरू केलं ते बघायचं नाही. हे आधी फलकावर लावा. आणि तुमचा मित्र बरोबरीत असेल तर त्या टेबलापाशी फिरकूच नका.

दुसऱ्या क्लबाशी मैत्रीचा सामना असेल तर साधारण १२ जण, म्हणजे सहा जोड्या फोरबॉलच्या (दोघं आपापला चेंडू खेळतात, चांगला आकडा जोडीचा). हँडिकॅपच्या ९० टक्के धरायची शिफारस आहे. टी ऑफच्या आधीच पाहुण्या कॅप्टनशी नक्की करा. दोन राखीव हवेतच, कारण रद्दचे निरोप आदल्या रात्री येतात. सगळे कमी हँडिकॅपवाले, म्हणजे पट्टीचे खेळाडू, नेऊ नका. नवा सभासद अशाच सामन्यांतून क्लबात रुळतो, आणि त्याची जोडी बडबड्या जुन्या सभासदाशी लावली की निम्मं काम होतं.

जेवणानंतर आधी यजमान कॅप्टन बोलतो, मग पाहुणा. पाहुणे असाल तर कोर्स, ग्रीनकीपर आणि स्वयंपाकघर या तिघांचे आभार राहता कामा नयेत. नावं चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. हरलात तर तीन मिनिटं बोला, जिंकलात तर दीड.